पीडीएफमध्ये टेबल विस्कटतं तेव्हा: वाचकांचे प्रश्न

आर्थिक वर्ष संपलं, की ताळेबंद, थकबाकीच्या याद्या, निकालपत्रकं यांच्या पीडीएफ करायची घाई सुरू होते आणि आमच्याकडे एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. पडद्यावर ठाकठीक दिसणारं टेबल पीडीएफमध्ये कडेला कापलं जातं, रंग उडतात, ओळींचे दोन तुकडे होतात. त्यातले निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पुढच्या पत्रात मात्र पीडीएफ कोणतं साधन बनवतं आणि त्याची आवृत्ती कोणती, हे आधी लिहा. क्रोम, डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ, डॉमपीडीएफ, एमपीडीएफ यांना तीच सीएसएस (पानाची मांडणी, रुंदी, रंग ठरवणारे नियम) दिली तरी प्रत्येकाची समज वेगळी असते आणि एकाकडे चाललेला उपाय दुसऱ्याकडे बहुधा चालत नाही. सीएसएसचे शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. कोडमध्ये ते रोमन लिपीत, मधल्या जोडरेघेसकट लिहायचे.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काच्या तक्त्यात १४ कॉलम आहेत. ब्राउझरमध्ये सगळे दिसतात, पण क्रोममधून ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ केलं की शेवटचे तीन-चार कॉलम गायब होतात. टेबलाची रुंदी १०० टक्के दिलेली आहे. (खजिनदार, ठाणे)

उत्तर: १०० टक्के, पण कशाचे? सीएसएसच्या हिशेबात एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारे ७९४ पिक्सेल. दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला की हाती उरतात ७१८. हेच टेबल लॅपटॉपवर १३०० पिक्सेलांत ऐसपैस पसरलेलं असतं. ७१८ ला १४ ने भागलं तर एका कॉलमला जेमतेम ५१ पिक्सेल येतात, त्यातूनही सेलचं पॅडिंग वजा करायचं. शिवाय रुंदी १०० टक्के दिली म्हणून टेबल तेवढ्यात राहीलच असं नाही. आतला मजकूर एका मर्यादेपलीकडे आक्रसत नसेल तर टेबल सरळ बाहेर जातं. क्रोम आधी सगळं पान थोडं लहान करून पाहतं आणि तरीही मावलं नाही तर उरलेलं कापतं. म्हणून अनेकदा दोन्ही तक्रारी एकदम येतात: अक्षर बारीक झालं आणि कॉलमही गेले.

पहिला संशय टेबलाभोवतीच्या डिव्हवर, म्हणजे टेबल ज्या चौकटीत ठेवलंय तिच्यावर, घ्या. मोबाइलवर टेबल आडवं सरकवता यावं म्हणून त्याला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो दिलेलं असतं, बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचाचा टेबल-रिस्पॉन्सिव्ह हा क्लास हेच करतो. कागद सरकत नाही, त्यामुळे डिव्हच्या कडेपलीकडचं काहीही छापलं जात नाही. प्रिंटच्या मीडिया नियमांत (फक्त छापताना लागू होणाऱ्या सीएसएसमध्ये) या डिव्हला ओव्हरफ्लो: व्हिजिबल द्या. मग टीएच (शीर्षकाचा सेल) आणि टीडीवर (साधा सेल) व्हाइट-स्पेस: नोरॅप किंवा मिन-विड्थ कुठे दिली आहे का ते शोधा आणि प्रिंटपुरती काढा. तिसरी अडचण न तुटणाऱ्या मजकुराची: व्यवहार क्रमांक, ईमेल पत्ते, लांब दुवे. इथे पुष्कळजण ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड लावतात आणि काही फरक पडला नाही म्हणून हात टेकतात. कारण असं, की कॉलमची किमान रुंदी ठरवताना ब्राउझर ब्रेक-वर्ड धरतच नाही, सगळ्यांत लांब अखंड शब्दच मोजतो. ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर दिलं तर तुटण्याच्या जागा किमान रुंदीतही धरल्या जातात आणि कॉलम खरोखर आक्रसतो.

आता मांडणी. पेजच्या नियमात साइझ: ए४ लँडस्केप आणि मार्जिन: १० मिलिमीटर द्या, म्हणजे २७७ मिलिमीटर, साधारण १०४७ पिक्सेल मिळतात. टेबलाला टेबल-लेआउट: फिक्स्ड द्या. तो चालण्यासाठी टेबलाला स्वतःची रुंदी दिलेली असावी लागते. तुमची १०० टक्के आहे, ते चालेल. फिक्स्ड म्हटल्यावर ब्राउझर मजकुराकडे न पाहता रुंदी ठरवतो, आणि ती ठरवतो पहिल्या ओळीवरून. बहुतेकांची गाडी इथे अडते, कारण संस्थेच्या तक्त्यात पहिली ओळ बहुधा संस्थेच्या नावाची, कोलस्पॅन १४ ची, म्हणजे १४ कॉलम एकत्र केलेली, असते. त्या ओळीतून ब्राउझरला वेगवेगळ्या रुंदी कळत नाहीत आणि तो सगळे कॉलम सारखे करून टाकतो. अनुक्रमांकाला नावाएवढी जागा मिळते आणि सभासदाचं नाव चार ओळींत मोडतं. संस्थेचं नाव कॅप्शन टॅगमध्ये हलवा आणि टेबलाच्या सुरुवातीला कोलग्रुप लिहून रुंदी तिथेच द्या: अनुक्रमांक ४ टक्के, सदनिका ६, नाव १८.५ आणि उरलेल्या ११ रकमांना प्रत्येकी ६.५. बेरीज बरोबर १०० होते. साडेसहा टक्के म्हणजे ६८ पिक्सेल. दोन्ही बाजूंना ३ पिक्सेल पॅडिंग ठेवलं तरी ८ पॉइंट अक्षरात ‘१२,३४,५६७’ एवढी रक्कम एका ओळीत मावते. रकमांना टेक्स्ट-अलाइन: राइट आणि फॉन्ट-व्हेरिअंट-न्यूमेरिक: टॅब्युलर-नम्स द्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर आकडे एकाखाली एक सरळ येतात.

दर वेळी पीडीएफ काढून पाहायची गरज नाही. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, मग कंट्रोल-शिफ्ट-पी, ‘रेंडरिंग’ टाइप करून ती पट्टी उघडा आणि ‘एम्युलेट सीएसएस मीडिया टाइप’मध्ये प्रिंट निवडा. डिव्हाइस मोडमध्ये रुंदी १०४७ करा. जे कागदावर बिघडणार आहे ते बरंचसं इथेच दिसतं आणि कोणता नियम कोणाला दाबतोय तेही कळतं. पानं तुटण्याच्या जागा मात्र यात दिसत नाहीत, त्यासाठी प्रिंट प्रिव्ह्यूच हवा.

उभ्या ए-४वर १४ कॉलम बसवण्याचा हट्ट करू नका. ७ पॉइंटच्या खाली गेलेलं अक्षर सर्वसाधारण सभेत कोणी वाचत नाही.

प्रश्न: शाळेच्या वेळापत्रकात एकाआड एक ओळीला फिका निळा रंग आहे आणि शीर्षओळ गडद निळी, त्यावर पांढरी अक्षरं. पपेटिअरने (क्रोमला कोडमधून चालवणारं साधन) पीडीएफ केली की सगळं पांढरं होतं. प्रिंटबॅकग्राउंड चालू केल्यावर शीर्षओळ आली, पण पट्टे नाहीतच. बूटस्ट्रॅप ४ वापरतो. (संगणक शिक्षक, नाशिक)

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळे अडथळे आहेत, त्यातला एक तुम्ही काढलात. पपेटिअरमध्ये प्रिंटबॅकग्राउंड मुळात बंद असतं आणि ब्राउझरच्या प्रिंट खिडकीतही ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण आपण करावी लागते. वापरणाऱ्याने खूण करण्यावर अवलंबून राहायचं नसेल तर टेबलाला प्रिंट-कलर-अ‍ॅडजस्ट: एक्झॅक्ट द्या, सोबत वेबकिट उपसर्गाची ओळही लिहा. हा गुण आतल्या सेलांपर्यंत आपोआप उतरतो.

दुसरा अडथळा बूटस्ट्रॅपचा. आवृत्ती ३ आणि ४ च्या प्रिंट नियमांत टेबल क्लासमधल्या प्रत्येक टीडी आणि टीएचची पार्श्वभूमी पांढरी केलेली आहे आणि तीही इम्पॉर्टंट (इतर नियमांवर मात करणारी खूण) लावून. पट्ट्यांचा रंग असतो टीआरवर, म्हणजे अख्ख्या ओळीवर. टीडी त्याच्या वर बसतो, तो पांढरा झाला की खालचा निळा झाकला जातो. म्हणून टीआरचा रंग कितीही जोरात लिहिलात तरी तो दिसणार नाही. रंग टीडीवरच द्यायचा: प्रिंट नियमांत ‘टेबल-स्ट्राइप्डमधल्या टीबॉडीच्या विषम टीआरमधला टीडी’ असा सिलेक्टर लिहून (टीबॉडी म्हणजे टेबलातल्या नोंदींचा भाग) बॅकग्राउंड-कलर आणि इम्पॉर्टंट, आणि ही ओळ बूटस्ट्रॅपच्या फाइलनंतर. शीर्षओळीचा रंगही गेला तर टीएचवर तसंच.

बूटस्ट्रॅप ४ ची आणखी एक खोड इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून वेगळी पत्रं येतात. त्याच्या प्रिंट नियमांत पानाचा आकार ए-३ आणि बॉडीची किमान रुंदी ९९२ पिक्सेल ठेवलेली आहे. ‘अक्षर उगाचच लहान येतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. स्वतःच्या फाइलमध्ये पेज साइझ ए४ आणि बॉडीला मिन-विड्थ: ० इम्पॉर्टंट द्या. पपेटिअरमध्ये प्रीफर-सीएसएस-पेज-साइझ हा पर्याय ट्रू केला नाही तर तो सीएसएसमधला आकार मानत नाही आणि फॉरमॅट सांगितला नसेल तर अमेरिकी लेटर आकार धरतो. लेटर ए-४पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. पानाच्या तळाशी येणारी ओळ पुढच्या पानावर का गेली, याचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

प्रश्न: दूध संकलनाची दहा दिवसांची बिलं डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफने काढतो. दुसऱ्या पानापासून शीर्षओळ पहिल्या नोंदीवर चढून बसते. शिवाय तोच कोड ऑफिसच्या विंडोज मशीनवर वेगळा आणि उबुंटू सर्व्हरवर वेगळा दिसतो. (प्रोग्रामर, कोल्हापूर)

उत्तर: शीर्षओळ चढणं हा या साधनाचा जुना, प्रसिद्ध दोष आहे. पान तुटण्याची जागा ओळीच्या मधोमध आली की पुन्हा छापलेल्या टीहेडसाठी (शीर्षओळीचा टॅग) जागा सोडली जात नाही. उपाय म्हणजे ओळ तुटूच द्यायची नाही: टीहेडला डिस्प्ले: टेबल-हेडर-ग्रुप आणि प्रत्येक टीआरला पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड. इथे जुनंच नाव लिहा, नुसतं ब्रेक-इनसाइड त्याला कळत नाही. टेबल फ्लोट केलेल्या किंवा ओव्हरफ्लो दिलेल्या डिव्हमध्ये असेल तर बाहेर काढा, नाहीतर हा उपायही लागू पडत नाही.

दोन मशीनवर दोन रूपं येण्याचं कारण असं, की या साधनाच्या दोन जाती फिरतात. प्रकल्पाच्या स्वतःच्या फाइलीत सुधारित क्यूटी (हे साधन ज्यावर बांधलंय ती लायब्ररी) असतं. उबुंटू किंवा डेबियनच्या भांडारातून अ‍ॅप्टने घेतलेलं साध्या क्यूटीवर बांधलेलं असतं आणि त्यात डिसेबल-स्मार्ट-श्रिंकिंग, पानाचं हेडर-फूटर असे पर्याय चालत नाहीत. टर्मिनलमध्ये आवृत्ती विचारा. उत्तरात ‘विथ पॅच्ड क्यूटी’ हे शब्द दिसले पाहिजेत. ते दिसले की दोन्हीकडे डिसेबल-स्मार्ट-श्रिंकिंग लावा, म्हणजे टेबलाची रुंदी मशीनगणिक बदलणार नाही. ०.१२.६ या आवृत्तीपासून ते डिस्कवरच्या फाइली आपणहून वाचत नाही. सीएसएस बाजूच्या फोल्डरमध्ये असेल तर एनेबल-लोकल-फाइल-अ‍ॅक्सेस द्यावं लागतं, नाहीतर टेबल अगदी उघडंबोडकं येतं.

आमचा सल्ला मात्र नव्या कामात हे न वापरण्याचा आहे. ०.१२.६ ही शेवटची स्थिर आवृत्ती २०२० ची, आणि २०२३ मध्ये प्रकल्पाचं कोडभांडार कुलूपबंद झालं. आतलं वेबकिट इतकं जुनं आहे की सीएसएस व्हेरिएबल त्याला कळत नाहीत, ग्रिड कळत नाही, फ्लेक्स फक्त जुन्या वेबकिट उपसर्गाच्या रूपात कळतो. बूटस्ट्रॅप ५ मध्ये टेबलाचे रंग व्हेरिएबलांतूनच येतात, त्यामुळे ते जोडलंत की पट्टे आणि रंग दोन्ही जातात. चालू बिलं चालू द्या. बदल करायचाच झाला तर पुढच्या मार्चच्या आधी क्रोमवर आधारित साधनाकडे वळा.

प्रश्न: शीर्षओळ प्रत्येक पानावर यायला हवी ती येत नाही, आणि शेवटी एकदाच यायला हवी ती एकूण बेरीज प्रत्येक पानाखाली येते! (लेखापाल, सांगली)

उत्तर: दुसरं आधी, कारण ते सोपं आहे. बेरीज टीफूटमध्ये, म्हणजे टेबलाच्या तळाच्या भागात, आहे. छापताना टीफूट प्रत्येक पानाच्या तळाशी पुन्हा येतो, तो त्याचा स्वभावच आहे. प्रिंटमध्ये टीफूटला डिस्प्ले: टेबल-रो-ग्रुप द्या, तो साध्या ओळींसारखा एकदाच येईल. फक्त कोडमध्ये टीफूट टीबॉडीच्या नंतर लिहिलेला असू द्या. जुन्या पद्धतीने आधी लिहिला असेल तर बेरीज पहिल्या नोंदीच्या डोक्यावर जाऊन बसेल.

शीर्षओळीबाबत आधी स्रोत पाहा. बहुतेक वेळा ती टीहेडमध्ये नसते, टीबॉडीचीच पहिली ओळ ठळक केलेली असते. टीहेड खरा असेल तर त्याला डिस्प्ले: ब्लॉक कोणी दिलंय का बघा, शीर्षओळ जागेवर ठेवून आतल्या ओळी सरकवण्यासाठी हा जुना उपाय वापरत असत. तेही नसेल तर उंची मोजा. टीहेड पानाच्या पाव उंचीहून मोठा झाला तर क्रोम तो पुन्हा छापत नाही. संस्थेचं बोधचिन्ह, पत्ता, नोंदणी क्रमांक सगळं टीहेडमध्ये कोंबलं की नेमकं हेच होतं.

पत्रात तुम्ही ‘पुढील पानावर नेलेली रक्कम’ आणि ‘मागील पानावरून’ याही ओळी हव्या असल्याचं लिहिलं आहे. क्रोममध्ये सीएसएसने ते होणार नाही; पान कुठे तुटलं हे कळल्याशिवाय त्या पानाची बेरीज करता येत नाही. मार्ग उलटा आहे: पान कुठे तुटायचं ते आपणच ठरवायचं. उभं ए-४, वर-खाली १५ मिलिमीटर समास, म्हणजे उंची २६७. शीर्षओळ १२ मिलिमीटर, मागच्या-पुढच्या रकमेच्या दोन ओळी मिळून १६, उरले २३९. ओळीची उंची ८ मिलिमीटर ठेवलीत तर २९ ओळी बसतात. २८ धरा, एका ओळीची मोकळीक राहू द्या. सर्व्हरवर नोंदींचे २८-२८ चे गट करून प्रत्येक गटाचं स्वतंत्र टेबल बनवा, बेरजा तिथेच करा आणि शेवटचं सोडून प्रत्येक टेबलाला ब्रेक-आफ्टर: पेज द्या. सेलची हाइट ही किमान उंची असते, कमाल नव्हे. एखादं लांब तपशिलाचं वाक्य दोन ओळींत गेलं की सगळं गणित कोसळतं. म्हणून तपशिलाच्या कॉलममध्ये आत एक डिव्ह घालून त्याला नोरॅप, ओव्हरफ्लो: हिडन आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस द्या, नाहीतर तपशील तयार करतानाच अक्षरसंख्या मर्यादित ठेवा. लेखापरीक्षकाला अपुरा तपशील चालणार नसेल, तर २८ ऐवजी १४ नोंदी आणि प्रत्येकीला दोन ओळींची जागा. कागद जास्त लागेल, पण हिशेब पक्का राहील.

प्रश्न: डॉमपीडीएफने हॉटेलची बिलं करतो. बिल लांबलं की पहिलं पान रिकामं जातं आणि दुसऱ्या पानावर खालचा भाग कागदाबाहेर कापला जातो. मराठी नावांतल्या वेलांट्याही चुकीच्या जागी पडतात. (पणजी)

उत्तर: डॉमपीडीएफ टेबलाच्या सेलचे पानावर दोन तुकडे करू शकत नाही; एक ओळ एका पानात पूर्ण मावायलाच हवी. तुमच्या पत्रासोबतच्या कोडमध्ये सगळं बिल, म्हणजे नाव-पत्ता, खोल्यांचं टेबल, कराचं टेबल, अटी, हे एका मोठ्या बाहेरच्या टेबलाच्या एकाच सेलमध्ये आहे. ईमेलचे साचे असे असतात, ते तसेच उचलले की ही अडचण येते. डॉमपीडीएफच्या दृष्टीने तुमचं अख्खं बिल ही एक ओळ आहे. ती पहिल्या पानात मावत नाही म्हणून पुढे ढकलली जाते, तिथेही मावत नाही म्हणून कापली जाते. बाहेरचं टेबल काढा, त्या जागी साधे डिव्ह ठेवा आणि फक्त खऱ्या यादीला टेबल राहू द्या. दोन गोष्टी शेजारी-शेजारी हव्या असतील तर तेवढ्यापुरतं दोन सेलचं छोटं टेबल चालेल. फ्लेक्स आणि ग्रिड डॉमपीडीएफला येत नाहीत, त्यामुळे तो मोह सोडा.

वेलांट्यांचा प्रश्न फॉन्ट बदलून सुटणार नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते पण दिसते आधी, जोडाक्षरं वेगळ्या आकारांतून जुळवावी लागतात. हे जुळवण्याचं काम डॉमपीडीएफ करतच नाही. पीएचपीतच (डॉमपीडीएफ ज्या भाषेत चालतं तीत) राहायचं असेल तर एमपीडीएफ घ्या. त्यात ऑटो-स्क्रिप्ट-टू-लँग आणि ऑटो-लँग-टू-फॉन्ट हे दोन्ही चालू केले की तो देवनागरी चालणारा फॉन्ट स्वतः निवडतो. स्वतःचा फॉन्ट जोडलात तर त्याच्या नोंदीत यूझ-ओटीएलची किंमत २५५ द्यायला विसरू नका, नाहीतर तिथेही वेलांट्या सैरावैरा.

प्रश्न: एमपीडीएफमध्ये एका टेबलाची अक्षरं इतर टेबलांपेक्षा लहान येतात. सेलमधल्या डिव्हचे मार्जिन, बॉर्डर, रंगही लागू होत नाहीत. (लातूर)

उत्तर: टेबल पानात मावलं नाही तर एमपीडीएफ ते आपणहून लहान करतो, मुळात १.४ पटीपर्यंत. १० पॉइंटचं अक्षर ७ च्या आसपास येतं ते यामुळे. टेबल टॅगवर ऑटोसाइझ हा गुण १ ठेवला की आक्रसणं थांबतं. पण मग मूळ दुखणं, म्हणजे जास्त रुंद कॉलम, तुम्हालाच बरं करावं लागेल. दुसऱ्या तक्रारीचं कारण सरळ आहे: टेबलाच्या आत एमपीडीएफ डिव्ह आणि पी यांसारखे ब्लॉक टॅग मानत नाही, त्यांची सीएसएस सोडून देतो. अंतर आणि बॉर्डर टीडीवर द्या, अक्षराचा रंग किंवा ठळकपणा स्पॅनवर.

प्रश्न: पपेटिअरमध्ये सेटकंटेंटने एचटीएमएल दिलं की टेबलाला एकही स्टाइल लागत नाही. तेच पान ब्राउझरमध्ये व्यवस्थित आहे. (विद्यार्थी, पुणे)

उत्तर: सीएसएसचा दुवा सापेक्ष आहे, ‘स्टाइल्स’ फोल्डरमधली फाइल असा. सेटकंटेंटने दिलेल्या पानाला पत्ताच नसतो, मग फोल्डर कुठून शोधणार? पूर्ण पत्ता द्या, नाहीतर सीएसएस थेट स्टाइल टॅगमध्ये टाका. बिलं, पावत्या यांसाठी आम्ही स्टाइल टॅगचाच मार्ग सुचवू, त्यात नेटवर्कची भानगड नाही.

प्रश्न: विषयाचं नाव रोस्पॅनने पाच-सहा ओळींना मिळून एकदाच लिहिलंय. पान तुटलं की पुढच्या पानावर विषयाचा सेल कोरा येतो, आणि एकाआड एक पट्ट्यांचीही गडबड होते. (परीक्षा विभाग, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: एका टेबलात एकाहून जास्त टीबॉडी चालतात, हे फार कमी जण वापरतात. प्रत्येक विषयाचा स्वतंत्र टीबॉडी करा आणि त्याला ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड द्या. पाच-सहा ओळींचा गट अख्खा पुढच्या पानावर जाईल. पट्टे ओळींना न देता टीबॉडीला द्या: सम टीबॉडीतल्या सगळ्या टीडींना रंग. यासाठी एनटीएच-चाइल्डऐवजी एनटीएच-ऑफ-टाइप वापरा, कारण टीहेडही त्याच टेबलाचं मूल असल्यामुळे एनटीएच-चाइल्डचा क्रम एकाने चुकतो. गट पानभर लांबीचा असेल तर मात्र तो तुटणारच. तिथे रोस्पॅन सोडा आणि विषयाचं नाव प्रत्येक ओळीत लिहा. दिसायला थोडं कमी नेटकं, पण वाचणारा चुकत नाही.

प्रश्न: आमच्या मराठी शाळेची गुणपत्रकं सर्व्हरवर, डॉकरमध्ये, हेडलेस (खिडकी न उघडणाऱ्या) क्रोमने बनतात. माझ्या संगणकावर अक्षरं नीट येतात, सर्व्हरवर सगळे चौकोन. फॉन्ट टाकल्यावर चौकोन गेले, पण सेलमध्ये वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. (स्वयंसेवक, न्यू जर्सी)

उत्तर: चौकोनांचं कारण तुम्ही ओळखलंतच. डॉकरच्या लहान लिनक्स इमेजांत (तयार साच्यांत) देवनागरी फॉन्ट नसतात. डेबियनमध्ये फॉन्ट्स-नोटो-कोर या पॅकेजात नोटो सॅन्स देवनागरी मिळतो. एफसी-लिस्ट या आज्ञेला भाषा म्हणून एमआर दिलं तर मराठी चालणारे फॉन्ट बसलेत का ते कळतं. एचटीएमएल टॅगवर लँग म्हणून एमआर लिहाच. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत मराठी वळणाचे ल आणि श त्यामुळे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

मात्रा कापल्या जाण्याचं मूळ लाइन-हाइटमध्ये आहे. इंग्रजी टेबल दाट दिसावं म्हणून साच्यात १ किंवा १.१ ठेवलेलं असतं. देवनागरीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. एवढ्या उंचीत ते शेजारच्या ओळीवर चढतात आणि सेलच्या आत ओव्हरफ्लो: हिडन दिलेला डिव्ह असेल तर कापले जातात. लाइन-हाइट १.५ करा, वर-खाली पॅडिंग २ पॉइंट ठेवा. सेलमधल्या डिव्हला पक्की उंची दिली असेल तर काढा. तपासायला ‘र्की’, ‘ट्टू’, ‘हृ’, ‘र्त्यै’ अशी अक्षरं असलेली एक खोटी ओळ ठेवा. ती नीट आली तर सगळ्या मुलांची नावं नीट येतील.

आणि गुण छापताना जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंगला एमआर-आयएन दिलं तर आकडे देवनागरी येतात, ईएन-आयएन दिलं तर इंग्रजी. लाखाच्या जागी स्वल्पविराम दोन्हींत बरोबर पडतो. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) १३ च्या आधीच्या आवृत्तीचं असेल तर मूळ बांधणीत ही भाषामाहिती नसते आणि काही न सांगता अमेरिकी पद्धत येते.

प्रश्न: पीडीएफमध्ये काही बॉर्डर जाड, काही बारीक दिसतात. रंगीत सेलांच्या मध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघाही. (सोलापूर)

उत्तर: ४०० टक्के झूम करून पाहा. तिथे सगळ्या बॉर्डर सारख्या दिसल्या आणि पांढऱ्या रेघा झूम वाढवूनही जाड झाल्या नाहीत, तर दोष पीडीएफचा नाही, ती पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. कागदावर तो बहुधा उतरत नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये ‘एन्हान्स थिन लाइन्स’ बंद केल्यावर बारीक रेघा पुष्कळदा सारख्या होतात. पांढऱ्या रेघा तरीही नको असतील तर रंगीत सेलांना त्याच रंगाची बॉर्डर द्या. पान तुटते तिथे शेवटच्या ओळीची खालची बॉर्डर नाहीशी होत असेल, तर बॉर्डर-कोलॅप्स: सेपरेट आणि बॉर्डर-स्पेसिंग: ० करून प्रत्येक सेलला उजवी-खालची आणि टेबलाला डावी-वरची बॉर्डर द्या. गोल कोपरेही याच पद्धतीत मिळतात, कोलॅप्स असलेल्या टेबलाला बॉर्डर-रेडियस लागत नाही.

प्रश्न: एचटीएमएलटूकॅनव्हास आणि जेएसपीडीएफ वापरून ओळी मधोमध कापल्या जाऊ नयेत म्हणून काय करावं? (मुंबई)

उत्तर: त्या जोडीत टेबलाचं आधी एक लांबलचक चित्र बनतं आणि मग ते पानाच्या उंचीवर कापलं जातं. चित्राला ओळ कुठे संपते हे ठाऊक नसतं, ब्रेक-इनसाइड वगैरे तिथे पोचतच नाही. अक्षरं निवडता येत नाहीत, शोधता येत नाहीत, फाइलही फुगते. जेएसपीडीएफमध्ये थेट मजकूर लिहायला गेलात तर डॉमपीडीएफसारखीच देवनागरीची मोडतोड होते. वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच काम करायचं असेल तर विंडो-प्रिंट बोलवा आणि प्रिंटचे नियम नीट लिहा. त्याला एक क्लिक जास्त करावं लागेल, एवढंच.